इथाकाच्या घळी आणि रानवाटा : पाऊल टाकण्याआधी बघा, जमीन कोणाची

इथाकाला नव्याने आलेला माणूस पहिल्या दोन आठवड्यांत टगॅनॉकचा धबधबा बघतो, बटरमिल्कच्या पायऱ्या चढतो आणि इथलं बघणं संपलं असं धरून चालतो. खरं फिरणं त्यानंतर सुरू होतं. न्यूयॉर्क राज्यातलं हे जेमतेम ३२ हजार वस्तीचं गाव कयूगा सरोवराच्या दक्षिण टोकाला वसलेलं आहे. गावापासून गाडीने अर्ध्या तासात पोचता येतील अशा पायवाटा इतक्या आहेत की इथल्या कॉर्नेल विद्यापीठातली दोन वर्षांची मास्टर्स संपते तरी निम्म्या राहूनच जातात.

मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच कळलेली बरी. नकाशावर सगळं हिरवं सारखंच दिसतं, पण त्या हिरव्याचे मालक वेगवेगळे आहेत. टगॅनॉक, बटरमिल्क आणि ट्रेमन ही राज्य सरकारची उद्यानं. कॅस्कडिला आणि फॉल क्रीकच्या घळीचा मोठा भाग कॉर्नेलचा. सिक्स माइल क्रीकचं खोरं इथाका शहराचं, कारण शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं. डॅन्बीचं जंगल राज्याच्या पर्यावरण खात्याचं. लिंडसे-पार्सन्ससारखी राखीव रानं फिंगर लेक्स लँड ट्रस्ट या १९८९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेची. आणि यांतल्या काहींना जोडत जाणारी फिंगर लेक्स ट्रेल ही लांब पायवाट बऱ्याच ठिकाणी चक्क खाजगी शेतांतून जाते, मालकाने दिलेल्या तोंडी किंवा लेखी परवानगीवर. गाडी लावायला पैसे लागतील का, कुत्रा चालेल का, पाण्यात उतरता येईल का, हिवाळ्यात वाट उघडी असेल का, नोव्हेंबरात तिथे बंदुका चालतील का, या सगळ्यांची उत्तरं जमिनीच्या मालकावर ठरतात. वाटेच्या तोंडावरची पाटी दोन मिनिटं थांबून वाचली तर पुढचे बहुतेक घोळ टळतात.

पाट्यांवर अंतरं मैलात आणि उंची फुटांत असते. मैलाचे १.६ किलोमीटर, हे डोक्यात ठेवा. वेळेचा अंदाज मात्र किलोमीटरवर बांधू नका, चढावर बांधा. इथे चढ का आणि कुठे लागतो हे भूगोलातून कळतं, म्हणून त्यावर थोडं.

कयूगा हे फिंगर लेक्सच्या अकरा सरोवरांतलं सर्वांत लांब सरोवर : सुमारे ६१ किलोमीटर लांब आणि सर्वांत खोल जागी १३० मीटरहून अधिक. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या बर्फाने जुन्या नद्यांची मुख्य खोरी खोल खरवडून काढली. बाजूचे लहान ओढे मात्र वरच राहिले. बर्फ मागे हटल्यावर त्या ओढ्यांना खाली सरोवराकडे उतरायला अंगावरचा उतार मिळाला आणि त्यांनी गेल्या बारा-एक हजार वर्षांत कातळ कापून घळी केल्या. त्यामुळे इथल्या प्रत्येक ओढ्याची रचना सारखी आहे. डोंगरमाथ्यावर संथ, पसरट. दरीच्या कडेला आला की एक-दोन किलोमीटरमध्ये धडाधड खाली. आणि मग सपाटीवरून सरोवरात. घळीतून जाणारी वाट म्हणजे पायऱ्या, हे गृहीतच धरा. त्याच घळीच्या काठावरून जाणारी वाट लांब, पण चढाला सौम्य असते. गुडघे दुखत असतील तर घळीतून चढा आणि काठावरून उतरा. ओल्या दगडी पायऱ्या उतरताना गुडघ्यांवर आणि तोलावर ताण येतो, चढताना त्या मानाने काहीच नाही.

कातळ डेव्होनियन काळातला, म्हणजे अडतीस-एकोणचाळीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेला गाळ. बहुतेक शेल, म्हणजे चिखलाचा थराथरांचा दगड, मधूनमधून वाळूचा दगड. सह्याद्रीच्या बसाल्टवर चालायची सवय असलेल्या पायांना इथे वेगळा हिशेब करावा लागतो. बसाल्ट खरखरीत असतो, कोरडा असला की बूट धरतो. शेल पातळ पापुद्र्यांनी सुटतो. ओला असला की गुळगुळीत होतो आणि कड्याच्या टोकाशी हाताने धरलेला दगड सरळ हातात येतो. कुंपणापलीकडे जाऊन फोटो काढणारे पडतात ते बहुतेक याच कारणाने. पाय घसरण्याच्या आधी पायाखालचा तुकडाच निसटतो.

टगॅनॉकपासून सुरुवात करू, कारण आईबाबा आले की पहिली फेरी तिथेच होते. गावाच्या उत्तरेला, सरोवराच्या पश्चिम काठाने पंधरा-सोळा किलोमीटरवर हे उद्यान आहे. मुख्य धबधबा २१५ फूट, म्हणजे सुमारे ६५ मीटर, उंच आहे. एका सरळ उडीचं माप घेतलं तर नायगाऱ्याहून दहा मीटर जास्त. घळीतली वाट एका बाजूने सव्वा किलोमीटर, रुंद आणि जवळजवळ सपाट आहे. इतर घळींत पायऱ्या आणि इथे सपाटी असं का, तर हा धबधबा मागे सरकत गेला आहे. त्याच्या माथ्यावर टणक वाळूचा दगड आहे आणि खाली ठिसूळ शेल. पाणी आणि बर्फ खालचा शेल पोखरतात, वरचा दगड अधांतरी राहतो आणि तुटतो. असं करत करत धबधबा सरोवराकाठापासून आत सरकला आणि मागे सपाट तळाची रुंद घळ ठेवून गेला. तुम्ही चालता ती ही घळ, आणि तुटण्याचं काम अजून चालू आहे. म्हणूनच धबधब्याच्या पायथ्याजवळ कुंपण आहे. दोन्ही बाजूंचे कडे काही ठिकाणी शंभर मीटरहून उंच आहेत आणि वरून निखळलेला लहानसा दगडही खाली येईपर्यंत जीव घेण्याइतका वेग पकडतो.

पाण्याचा अंदाज घेऊन जा. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळल्यावर आणि कुठल्याही मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी धबधबा भरून वाहतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस नसला तर कड्यावरून एक धार उतरताना दिसते आणि बघायला आलेल्यांची निराशा होते. पाहुण्यांचं तिकीट तुमच्या हातात असेल तर मे किंवा ऑक्टोबरचा मधला आठवडा धरा. मेमध्ये पाणी असतं, ऑक्टोबरात पानांचे रंग ऐन भरात असतात. चालणं अजिबात जमणार नसेल तर वरच्या अंगाला रस्त्यालगत कठडा बांधलेली जागा आहे, तिथून धबधबा समोर दिसतो. खालच्या वाहनतळासाठी उन्हाळ्यात गाडीमागे पैसे लागतात. राज्य उद्यानांत वर्षभरात दहाएक वेळा गाडी नेणार असाल तर वर्षाचा एम्पायर पास काढून टाका.

सगळ्यांत सुंदर वाट कोणती असं विचारलंत तर उत्तर ट्रेमन. रॉबर्ट ट्रेमन हा इथला बँकर. त्याने १९०९ मध्ये कॅस्कडिलाची घळ कॉर्नेलला दिली, १९२० मध्ये एनफील्डची घळ आणि १९२४ मध्ये बटरमिल्क राज्याला दिलं. एका माणसाने विकत घेऊन देऊन टाकलेल्या जमिनींवर आज निम्मं गाव फिरतं. त्यातल्या एनफील्डच्या घळीला आता त्याचंच नाव आहे. खालच्या प्रवेशापासून वरच्या प्रवेशापर्यंत घळीतली वाट साधारण साडेतीन किलोमीटर आहे. वेळ कमी असेल तर गाडी सरळ वरच्या प्रवेशाला लावा. जुन्या पाणचक्कीजवळून वाट निघते आणि पहिल्याच टप्प्यात अरुंद घळ, दगडी पूल आणि ल्युसिफर धबधबा हे सगळं येतं. हा धबधबा ११५ फुटी आहे. त्याच्या खालून ओढा ओलांडून समोरच्या कड्यातल्या दोनशेहून अधिक पायऱ्या चढलात की काठावरच्या वाटेने परत चक्कीपाशी येता येतं. थांबत थांबत दीड तास.

इथल्या पायऱ्या, कठडे आणि पूल यांच्याकडे जरा लक्ष देऊन बघा. १९३०च्या दशकातल्या मंदीत सरकारने बेरोजगार तरुणांची पथकं उभी केली होती, त्यांनी हे काम केलं. १९३५च्या जुलैमधल्या पुराने बरंच वाहून नेल्यावर पुन्हा काम करावं लागलं. दगड तिथलाच, त्याच्या नैसर्गिक थरांप्रमाणे लावलेला. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी बांधलेली पायरी कुठली आणि मूळ कातळ कुठला हे चटकन सांगता येत नाही. कातळातल्या सरळ, काटकोनात छेदणाऱ्या भेगांमुळे ओढ्यानेही स्वतः पायऱ्याच कापल्यात.

बटरमिल्क गावाला लागूनच आहे. वाट छोटी पण दमवणारी. ओढा इथे एकूण सहाशे फूट उतरतो, त्यातले दहा धबधबे वाटेवर दिसतात. खालच्या वाहनतळावरून दिसणारा पहिला, पांढरा फेसाळ धबधबा बघून परत फिरणारे खूप. पण वरची अरुंद घळ आणि तिच्यातला सुळका खालून दिसत नाही, त्यासाठी किलोमीटरभर चढावंच लागतं.

ट्रेमन आणि बटरमिल्कच्या घळीतल्या वाटा साधारण नोव्हेंबरच्या सुमारास बंद होतात आणि मेच्या आसपास उघडतात. कारण नुसता बर्फ नाही. भेगांत शिरलेलं पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि दगड सैल करतं. वसंतात बर्फ वितळला की ते दगड सुटू लागतात. उद्यानाचे कर्मचारी दोराला लटकून सैल झालेले दगड आधी पाडून घेतात आणि मग वाट उघडतात. त्यामुळे एप्रिलच्या एखाद्या उबदार रविवारी फाटक बंद दिसलं म्हणून आळस समजू नका आणि वरून उडी मारून जाऊ तर नकाच. काठावरच्या वाटा हिवाळ्यातही चालू असतात. त्यासाठी बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स लागतात. नुसत्या जाड तळव्याच्या बुटांनी घट्ट झालेल्या बर्फावर काही होत नाही.

पोहायचं असेल तर खालच्या ट्रेमनला धबधब्याखालचा डोह, बटरमिल्कच्या पायथ्याचा डोह आणि टगॅनॉकचा सरोवरकाठ, अशा तीनच जागा लक्षात ठेवा. उन्हाळ्यात जीवरक्षक हजर असतील त्या वेळेतच उतरायचं. ऑगस्टच्या उकाड्यात सरोवरावर कधीकधी निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग येतो आणि किनारा बंद ठेवतात. तो तवंग विषारी असू शकतो. कुत्र्याला तर त्या पाण्याजवळ अजिबात नेऊ नका, कारण तो पाणी पितो आणि नंतर अंग चाटतो.

इतर घळींत पोहायला बंदी आहे आणि ती कागदी नाही. फॉल क्रीकच्या डोहांत माणसं बुडाली आहेत. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली धबधब्याचा भोवरा माणसाला परत आत ओढतो, आणि दोन्ही बाजूंना सरळ कडे असल्याने बाहेर यायला धरायला काही नसतं. दर उन्हाळ्यात नवीन विद्यार्थ्यांना कोणीतरी एखादी गुप्त जागा दाखवतं. जाऊ नका.

सिक्स माइल क्रीकची बंदी वेगळ्या कारणाची आहे. १९०३ मध्ये इथाकात विषमज्वराची मोठी साथ आली. तेराशेच्या वर लोक आजारी पडले, ऐंशीहून जास्त मेले, त्यांत कॉर्नेलचे विद्यार्थीही होते. रोग पसरला तो याच ओढ्याच्या न गाळलेल्या पाण्यातून. त्यानंतर शहराने गाळणी बांधली आणि खोरं हळूहळू ताब्यात घेतलं. आज तिथे दाट झाडी, बंधारे आणि जलाशय आहेत आणि रखवालदार गस्त घालतात. जाइल्स रस्त्याच्या बाजूने शिरलं की मलहॉलंड रानफुलांचं राखीव क्षेत्र लागतं. मोजून एक तासाचं चालणं, चढ फारसा नाही, गावाच्या मध्यापासून पायी जाता येतं. एप्रिलचे शेवटचे दिवस आणि मेचा पहिला पंधरवडा ही तिथली वेळ. झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत जमिनीवरची फुलं उरकून घेतात. हिपॅटिका आणि ब्लडरूट आधी, मग ट्राउट लिली, मग पांढरं ट्रिलियम. ट्रिलियम तोडू नका. फुलाबरोबर तिन्ही पानं जातात आणि कंदाला पुढच्या वर्षासाठी अन्न उरत नाही. बीपासून फूल यायला कित्येक वर्षं लागतात. मेच्या मध्यावर जॅक-इन-द-पल्पिट दिसेल. महाबळेश्वरला पावसाळ्यात सापकांदा बघितला असेल तर ओळखायला वेळ लागणार नाही, दोन्ही अरिसीमा या एकाच प्रजातीचे.

कॅस्कडिलाची वाट थेट गावातल्या बाजारपेठेजवळून कॉर्नेलच्या आवारात चढते. चारशे फूट चढ, एका बाजूला वीसेक मिनिटं. रोजची ये-जा करायला याहून सुंदर रस्ता कुठल्या विद्यापीठाला असेल असं वाटत नाही. हिवाळ्यात तीही बंद. चढायचं नसेल तर आवारातच बीबी लेकभोवतीचा फेरा आहे. दीड किलोमीटरच्या आसपास, बऱ्यापैकी सपाट. संध्याकाळी आईबाबांना घेऊन जायला तोच बरा. इथाका फॉल्स गावातच आहे, १५० फुटी आणि प्रचंड रुंद. शरदात सरोवरातले मोठे मासे त्याच्या पायथ्यापर्यंत चढून येतात आणि गळ टाकणाऱ्यांची रांग लागते. वरच्या कड्यावर पूर्वी बंदुकांचा कारखाना होता. तिथली माती शिशाने दूषित झाली आणि तिची सफाई करावी लागली. लहान मुलांना त्या बाजूची माती उकरू देऊ नका.

आता सॅपसकर वुड्स. पुण्या-नागपुरातले पक्षीनिरीक्षक सकाळी फिरून आल्यावर ज्या ईबर्ड संकेतस्थळावर यादी भरतात आणि आवाज ओळखायला ज्या मर्लिन ॲपसाठी फोन धरून उभे राहतात, ती दोन्ही याच रानाच्या कडेला असलेल्या कॉर्नेलच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेतून चालतात. ईबर्ड २००२ पासून. रान सुमारे २३० एकरांचं, सपाट, अर्धं पाणथळ. प्रवेश फुकट, पहाट ते संध्याकाळ. कुत्री, सायकली आणि धावणं मना आहे. तळ्याभोवतीची विल्सन वाट सव्वा किलोमीटरची आहे, चाकाची खुर्चीही जाते. ओल्या लाकडी फळ्यांवरून मात्र जपून, कारण दंव पडलं की त्या फार निसरड्या होतात.

पक्ष्यांसाठी जायचं तर मेचे पहिले तीन आठवडे. रात्री दक्षिणेकडून वारा असेल आणि पहाटे हलका पाऊस पडून गेला असेल तर सहाला पोचा. रात्रभर उडून आलेले वॉर्बलर नावाचे चिमुकले पक्षी खाली उतरलेले असतात आणि खाण्याच्या घाईत माणसाची पर्वा करत नाहीत. नऊ वाजले की ते झाडांच्या शेंड्याला जातात, मग मान दुखेपर्यंत बघितलं तरी पोटाखालचा रंगच दिसतो. मर्लिनने नाव सांगितलं म्हणजे पक्षी दिसला असं नव्हे. यादीत भरण्याआधी डोळ्यांनी किंवा स्वतःच्या कानांनी खात्री करा. मर्लिन एका पक्ष्याने केलेल्या दुसऱ्याच्या नकलेलाही फसतं. रानाला ज्याचं नाव मिळालं तो सॅपसकर सुतारपक्ष्यांपैकी. खोडावर आडव्या ओळीत पाडलेली लहान लहान भोकं दिसली तर ती त्याची. त्यांतून पाझरणारा रस तो पितो आणि रसाला आलेले किडेही खातो. जून-जुलैत तिथे डास भयंकर असतात.

सायकल असेल तर ब्लॅक डायमंड वाट घ्या. जुन्या रेल्वेमार्गावर बारीक खडी दाबून केलेली, कॅस पार्कपासून टगॅनॉकच्या वरच्या अंगापर्यंत साडेतेरा किलोमीटर. रेल्वेसाठी आखलेली असल्याने चढ कुठेही अंगावर येत नाही, पण टगॅनॉककडे जाताना सलग चढच आहे. जाताना लागलेला वेळ धरून परतीची आखणी केलीत तर घरी लवकर पोचाल. इथल्या टीकॅटच्या बसला पुढे सायकली ठेवायची सोय असते, शनिवार-रविवारी मात्र फेऱ्या कमी.

लँड ट्रस्टची रानं बहुतेकांना माहीत नसतात, कारण त्यांच्यात बघण्याजोगा एकच असा मोठा धबधबा नाही. वेस्ट डॅन्बीचं लिंडसे-पार्सन्स क्षेत्र हे त्यांतलं माझ्या मते सर्वांत चांगलं. कॉर्नेलचा कीटकशास्त्रज्ञ टॉमस आइसनर याच्या पुढाकाराने, रानातल्या किड्यांत आणि बुरशीत औषधी रसायनं शोधता यावीत या विचाराने ते राखलं गेलं. जुनी शेतं, बीव्हरांनी अडवलेलं पाणी, दलदल आणि जंगल हे सगळं एका फेऱ्यात येतं, म्हणून तिथे किडे, बेडूक आणि पक्षी यांची विविधता मोठी. ड्रायडनकडचं रॉय पार्क क्षेत्र सिक्स माइल क्रीकच्या वरच्या अंगाला आहे, तिथे दलदलीवरून लाकडी वाट बांधली आहे. या रानांत शौचालय, पाणी, कचरापेटी काहीही नसतं. वाहनतळ चार-सहा गाड्यांचा. भरला असेल तर रस्त्याकडेला अर्धी गाडी चिखलात घालण्यापेक्षा दुसरीकडे जा.

डॅन्बीच्या सरकारी जंगलात दिवसभराची वाट हवी असेल तर ॲबट लूप : साडेतेरा किलोमीटर, नारिंगी खुणा. वाटेत थॅचर्स पिनॅकल्स नावाचा कडा आहे, तिथून खालची दरी दिसते. खुणांची भाषा अशी. फिंगर लेक्स ट्रेलची मुख्य वाट पांढऱ्या पट्ट्यांनी दाखवतात, तिच्या फाट्यांना निळा रंग, फेऱ्यांना नारिंगी. पट्टा दोन इंच रुंद, सहा इंच उंच. एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण आहे, आणि वरचा पट्टा ज्या बाजूला सरकवलेला असेल तिकडे वळायचं. पाच मिनिटं चाललात आणि एकही पट्टा दिसला नाही तर पुढे जाऊन बघू असं म्हणू नका, शेवटच्या पट्ट्यापाशी परत या. जंगलतोडीच्या गाड्यांचे जुने रस्ते पायवाटेहून रुंद आणि स्वच्छ असतात, लोक चुकतात ते त्यांच्यामुळेच. फोनला रेंज नसते. नकाशा घरूनच उतरवून घ्या. सरकारी जंगलात रस्ता, वाट आणि पाणी या तिन्हींपासून १५० फूट दूर तंबू टाकता येतो. तीन रात्रींपर्यंत आणि नऊ माणसांपर्यंत परवाना लागत नाही. टॅमरॅक आणि चेस्टनट नावाचे दोन लाकडी आडोसेही आहेत.

आता शिकार. ऑक्टोबरपासून धनुष्यबाण आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारपासून तीन आठवडे बंदूक, असा या भागात हरणांच्या शिकारीचा मुख्य हंगाम. डॅन्बी, कनेक्टिकट हिल आणि लँड ट्रस्टची काही रानं यांत शिकार कायदेशीर आहे. कनेक्टिकट हिल तर अकरा हजार एकरांहून मोठं, मंदीच्या काळात सोडून दिलेल्या शेतांवर उभं राहिलेलं क्षेत्र आहे आणि तिथले रस्ते हिवाळ्यात साफही केले जात नाहीत. या आठवड्यांत भडक नारिंगी जाकीट आणि टोपी घाला, कुत्र्यालाही घाला. तपकिरी आणि पांढरं टाळा, कारण पळणाऱ्या हरणाची शेपटी पांढरी दिसते. फिंगर लेक्स ट्रेलचे खाजगी जमिनीवरचे काही तुकडे या काळात बंद असतात, ते ट्रेलच्या नकाशावर नोंदलेले असतात. ते पाळा, एका मालकाचं डोकं फिरलं की पायवाट त्याच्या शेतातून उठते आणि कायमची गाडीरस्त्यावरून न्यावी लागते.

जंगली प्राण्यांपेक्षा इथे गोचिडाची धास्ती जास्त खरी. काळ्या पायाची गोचीड लाइम हा जिवाणूंचा रोग पसरवते. मे ते जुलैमध्ये तिची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात आणि चावलेलं कळत नाही. घळीच्या कातळावर ती कमी, गवताळ कडेला आणि झुडपांत जास्त. फिकट रंगाची पँट, पायमोजे पँटच्या वर ओढलेले, कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा. हा फवारा कातडीवर मारायचा नाही, कपडे वाळल्यावरच घालायचे. घरी आल्यावर कपडे आधी ड्रायरमध्ये जास्त उष्णतेवर दहा मिनिटं, धुणं नंतर. धुण्याने गोचीड मरेलच असं नाही, कोरड्या उष्णतेने मरते. मग आंघोळ आणि अंग तपासणं : गुडघ्यामागे, कंबरेला, काखेत, जांघेत, कानामागे, केसांत. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका. तेल, काडीपेटी, नेलपॉलिश हे उपाय विसरा. त्यांत वेळ जातो, आणि वेळच महत्त्वाचा आहे, कारण जंतू अंगात उतरायला साधारण एक दिवसाहून जास्त लागतो. त्याहून जास्त वेळ चिकटली असावी अशी शंका आली तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा, काही वेळा औषधाच्या एका मात्रेने भागतं. तीन ते तीस दिवसांत पसरत जाणारा चट्टा, ताप, अंगदुखी आली तर थांबू नका. पुस्तकांतल्या चित्रांत हा चट्टा गोऱ्या कातडीवर लालभडक दाखवलेला असतो. आपल्या रंगावर तो जांभळट किंवा मार लागल्यासारखा काळपट दिसू शकतो, लाल वर्तुळाची वाट बघत बसाल तर हुकेल.

पॉयझन आयव्ही तीन पानांची, मधलं पान जरा लांब देठाचं. जमिनीवर पसरते, झाडावर केसाळ दोरासारखी चढते आणि पानं झडल्यावरही दोर तितकाच वाईट. बिब्बा, काजू आणि आंबा ज्या कुळातले त्याच कुळातली ही. तिचा चीक लागला की एक-दोन दिवसांनी खाज आणि फोड येतात. बिब्बा उततो किंवा आंब्याच्या चिकाने तोंड येतं अशांनी इथे जास्त जपावं. लागल्याची शंका येताच साबण आणि गार पाण्याने धुवा, जितक्या लवकर तितकं चांगलं. बूट, काठी, कुत्र्याची दोरी हेही धुवा. चीक त्यांच्यावर महिनोन्‌महिने टिकतो.

घळींच्या सावलीत जी गडद, नाजूक पानांची सदाहरित झाडं दिसतात ती हेमलॉक. फांद्यांच्या खालच्या बाजूला, सुयांच्या बुडाशी पांढरे कापसासारखे ठिपके दिसले तर ती जपानमधून आलेल्या कीटकाची लागण. खोडावर रंगाची खूण असेल तर त्या झाडाला औषध दिलेलं आहे असं समजा. ॲशची झाडं तर दुसऱ्या एका परदेशी भुंग्याने मोठ्या प्रमाणावर मारली आहेत. वाळलेला ॲश वाऱ्याशिवायही फांदी टाकतो, त्यामुळे डबा खायला बसताना आधी वर बघा.